हापश्याचे दात

माझे दात तपकिरी आहेत. वरच्या चार दातांवर आडव्या रेघा, काही चहाच्या डागासारख्या, काही खडूसारख्या पांढऱ्या, आणि खालच्या दोन दातांना बारीक खड्डे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्याशी बोलणाऱ्या माणसाची नजर डोळ्यांवरून घसरून तिथं जातेच, आणि मग तो माणूस मनात ठरवून मोकळा होतो की ही बाई तंबाखू खाते. मी तंबाखूला आजवर बोट लावलेलं नाही. मिसरीसुद्धा लावली नाही, आणि आमच्या गावात मिसरी न लावणारी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. मागच्या महिन्यात दाढ ठणकली म्हणून बीडला दवाखान्यात गेले, तर तिथली पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची, मला विचारते, "मावशी, ब्रश करता ना रोज?" चाळीस वर्षं होऊन गेली, प्रश्न तोच. घरी आले आणि वही काढली.

आमचं गाव वडवणीहून तेलगावकडं जाताना रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला. गावाचे दोन भाग, वरली आळी आणि खालची आळी. वरल्या आळीत साखर कारखान्याचे संचालक दादासाहेब, त्यांचे भाऊबंद, सोसायटीचे चेअरमन, आणि भाड्याच्या खोलीत शाळेचे थोरले गुरुजी. खालच्या आळीत आम्ही सगळे, म्हणजे ज्यांच्या नावावर कारखान्याचा शेअर नव्हता ते. वरल्या आळीला नदीकाठची दादासाहेबांची विहीर होती, उथळ, दगडी बांधणीची, गोड पाण्याची. खालच्या आळीला हापसा. मोठ्या दुष्काळात, मी पाळण्यात असताना, मशीन आणून खडक फोडून फोडून लई खोल बोअर घेतली आणि त्यावर हापसा बसवला. कट्ट्यावर दादासाहेबांच्या नावाची फरशी बसली. पाणी किंचित मचूळ लागायचं आणि त्यात डाळ शिजता शिजायची नाही, पण ते उन्हाळ्यात आटत नव्हतं, आणि आमच्या भागात न आटणाऱ्या पाण्याला कोणी चव विचारत नाही. त्या हापश्याचा खडांग-खडांग आवाज माझ्या लहानपणी पहाटे सुरू व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत चालायचा. आजही कुठं लोखंडावर लोखंड आपटलं की मला आमच्या घराचा उंबरा दिसतो.

त्या उंबऱ्यावर सकाळ व्हायची ती मिसरीच्या वासानं. माय तव्यावर तंबाखू भाजायची, काळी होईस्तोवर, आणि त्या धुरानं आम्ही खोकत उठायचो. मग शेजारच्या तिघी-चौघी भिंतीला पाठ लावून बसायच्या, पहिल्या बोटानं हिरड्यांवर मिसरी फिरवायच्या, पिचकाऱ्या टाकायच्या, आणि आख्ख्या गावाच्या बातम्या त्या थुंकण्याच्या मधल्या वेळात सांगून व्हायच्या. "मिसरी लावली की भूक मरती," माय म्हणायची. दुसरा दुष्काळ पडला होता, माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, दोघंही खडी फोडायच्या कामावर जात होते, आणि घरात ज्वारीची भाकरी, येसराची पातळ आमटी आणि हरभऱ्याच्या वाळल्या पाल्याची भाजी यापलीकडं काही शिजत नव्हतं. तेव्हा भूक मारणं हाही एक उद्योगच होता. दादा कडुलिंबाची काडी चावत कामावर निघायचे. आम्हा पोरांना शेणीची राख आणि मीठ. मी रोज घासायचे, दोन्ही वेळा घासायचे. हे मी देवासमोर सांगायला तयार आहे, फक्त देवानं कधी विचारलं नाही आणि गुरुजींनी विचारलं तेव्हा उत्तर ऐकून घेतलं नाही.

थोरले गुरुजी वाईट माणूस नव्हते, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट आहे. वाईट माणसाचा मार विसरता येतो. गुरुजी लातूरकडचे, धोतर पांढरंस्वच्छ, गणित असं शिकवायचे की अजून मला व्याज तोंडी काढता येतं. पण स्वच्छतेचं त्यांना वेड होतं. प्रार्थना झाली की "तोंड उघडा." हातात वेताची छडी, तिच्या टोकानं ओठ वर करून ते दात बघायचे. बैलबाजारात व्यापारी जनावराचा ओठ वर करतो ना, तसंच. पण बैलाचे दात त्याचं वय कळावं म्हणून बघतात, त्यात त्याला कोणी दोष देत नाही. आमचे दात बघून गुरुजी दोन रांगा करायचे, पांढरी रांग आणि पिवळी रांग. पांढऱ्या रांगेत वरल्या आळीची पोरं, पिवळ्या रांगेत खालच्या आळीची. रोज असंच व्हायचं, एकही पोर इकडचं तिकडं नाही, आणि एवढ्या हुशार गणिताच्या मास्तराला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांना वाटायचं, आळीच घाणेरडी.

नुसती रांग असती तरी चाललं असतं. त्या वर्षी शाळेत सुकडी येत होती, पिवळसर, गोड, कोरडी, तळहातावर घेऊन चाटायची. पांढऱ्या रांगेला आधी मिळायची. ती पोरं घरून जेवून यायची आणि निम्मी सुकडी एकमेकांच्या अंगावर उडवायची. पिवळ्या रांगेपर्यंत पातेलं येईस्तोवर आत फक्त डाव खरवडल्याचा आवाज उरायचा. "दात स्वच्छ करून या, मग पहिल्यांदा तुम्हाला," गुरुजी प्रेमानं म्हणायचे. प्रेमानं, हे लक्षात घ्या. मी सातवीला होते, वर्गात पहिली यायचे, आणि पातेल्याच्या तळाशी चिकटलेलं बोटानं पुसून खायचे.

मग आम्ही जे केलं ते आठवलं की माझंच मला वाईट वाटतं. पिवळ्या रांगेतल्या आम्ही चार मुली देवळामागं बसून विटकर फोडायचो, वस्त्रगाळ करायचो, आणि त्या भुग्यात मीठ आणि लिंबू घालून दात घासायचो, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. दात पांढरे झाले नाहीत, नुसते आंबले. गार पाणी प्यायलं तर डोक्यात कळ जायची. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, "पोटात घाण असली की दातावर येते. सकाळी उठून तांब्याभर पाणी प्या." गुरुजींचा शब्द म्हणजे शब्द. आम्ही अनशापोटी हापश्यावर जायचो आणि एकीनं हापसायचं, दुसरीनं ओंजळ लावायची, असं करून पोट गच्च होईस्तोवर तेच पाणी प्यायचो. घरी माय म्हणायची, "घासत न्हाईस, कामचुकार हायस, अजून काय." मायनंही तेच म्हटल्यावर मला वाटायला लागलं की खरंच माझ्यातच काहीतरी घाण आहे. मी हसायची बंद झाले, आणि बोलताना पदर नसतानाही हात तोंडावर न्यायला लागले.

अशात कारखान्यानं शाळेत दातांचं शिबिर ठेवलं. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती, त्यामुळं त्या उन्हाळ्यात डोळ्यांचं शिबिर झालं, गुरांचं झालं आणि दातांचंही झालं. औरंगाबादहून एक डॉक्टरीणबाई आल्या, तिशीच्या आतबाहेर, चष्मा, घामानं चिकटलेले केस आणि चेहऱ्यावर वैताग. लिंबाखाली लोखंडी खुर्ची मांडली, शेजारी स्टोवर पातेल्यात हत्यारं उकळत ठेवली. बाईंनी सकाळभर लोकांच्या किडक्या दाढा काढल्या, हिरड्यांतला पू काढला, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून त्यांचा घसा बसला. मिसरी सोडा, जेवल्यावर चूळ भरा, रात्री झोपताना दात घासा, दाढ ठणकली तर लवंग धरा पण लवंगेच्या भरवशावर वर्ष काढू नका. बायका मान डोलवायच्या आणि खुर्चीवरून उतरून कनवटीची मिसरीची डबी चाचपायच्या.

दुपारी गुरुजींनी आमची रांग उभी केली. "बाई, ही बघा," ते म्हणाले, "सांगून सांगून थकलो. यांना जरा तुम्हीच स्वच्छता शिकवा." बाईंनी माझं तोंड उघडलं. छडीनं नाही, बोटांनी. आरशाची छोटी काडी आत फिरवली. मग माझ्या शेजारणीचं बघितलं, मग तिसरीचं. मग खाली बसल्या आणि मला विचारलं, "बाळ, तू पाणी कुठलं पितेस?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी म्हणाले, "हापश्याचं."

"आणि तू?" "हापश्याचं." "तू?" "हापश्याचं." सगळी रांग तसंच म्हणत गेली. मग बाईंनी पांढऱ्या रांगेला विचारलं, तर ते म्हणाले, "हिरीचं." बाईंनी चष्मा काढून पुसला आणि गुरुजींकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, या पोरी तुमच्यापेक्षा जास्त दात घासतात. घासून घासून झिजवलेत. हे डाग वरून चिकटलेले नाहीत, आतून आलेत. खोल खडकाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं, आणि हिरडीच्या आत दात तयार होत असताना ते पोटात गेलं की दात असाच येतो. आता हा घासून जायचा नाही." गुरुजींचा चेहरा बघायला मी वर पाहिलं, पण ते व्हरांड्यातल्या सुकडीच्या पातेल्याकडं बघत होते.

मी विचारलं, "मंग आता आमचं काय?" बाई म्हणाल्या, "तुमचे आलेत ते आलेत. पण घरी लहान भावंडं असतील तर त्यांना वाचवता येईल. कोणी आहे?" होता. नामा, माझा भाऊ, दीड वर्षाचा, समोर सहा दात, दुधाचे, तांदळासारखे. "अजून अंगावर पितो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं आहे. पक्के दात आत तयार होतायत त्याचे. सात वर्षांचा होईपर्यंत त्याला हापश्याचं पाणी देऊ नकोस. प्यायलाही नाही आणि त्याचा भात शिजवायलाही नाही." एवढं सांगून त्यांनी पुढच्याला बोलावलं. मी तिथंच उभी राहिले. सात वर्षं, आणि दुसरं पाणी गावात एकच होतं, आणि त्या विहिरीवर खालच्या आळीची कळशी कधी बुडाली नव्हती.

दादासाहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, लेखी देते म्हणाल्या. दादासाहेब हसले. "डॉक्टर, दुष्काळात पाणी म्हंजी देव. देवाला नाव ठेवू नका. इतकी वर्षं गाव पितंय, कोण मेलं का?" भोवतीचे लोक माना हलवायला लागले, आणि त्यांत आमच्या आळीचे लोकही होते, कट्ट्यावर रोज भांडून पाणी भरणारे. बाईंनी कागद लिहून दिला, दादासाहेबांनी घडी करून खिशात घातला, आणि त्या खिशातून तो कधी बाहेर आला नाही. आता त्या हापश्याला सरकारनं लाल रंग दिलाय, पिऊ नका म्हणून. रंग आला तेव्हा माझं पहिलं लेकरू शाळेत जात होतं. कट्ट्यावरची फरशी मात्र अजून आहे, आणि दर दिवाळीला कोणीतरी ती धुतं.

पण त्या दुपारी आणखी एक गोष्ट झाली. दादासाहेबांच्या घरच्या, सगळे त्यांना थोरल्या आक्का म्हणायचे, शाळेच्या खोलीत गालाला पदर लावून बसल्या होत्या. गाल आंब्याएवढा सुजलेला. वरची दाढ किडून आत पू झाला होता आणि चार दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. बाई म्हणत होत्या, दाढ आत्ता काढली पाहिजे, विष वर चढेल, गाडी चार वाजता परत जाणार आहे. आणि आक्का मान हलवत होत्या. "वरची दाढ काढली की डोळे जात्यात. माज्या सासूचे गेले. डोळ्याची शीर दाढंला बांधलेली असती." सासूचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते, दाढ काढल्यावर दहा वर्षांनी, पण ते सांगणार कोण? दादासाहेबांनी बाहेरूनच ऐकलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला, बायकांचं काय." नवरा विहिरीचा मालक, कारखान्याचा संचालक, आणि बायको विषानं मरायला निघालेली, आणि तो म्हणतो ऱ्हाऊ द्या. मला आजही त्या वाक्याचा संताप येतो.

मी दारात उभी होते. कुठून धीर आला मला माहीत नाही. वर्षभर पातेल्याचा तळ खाल्लेल्या माणसाला येतो तसा आला असेल. मी आत गेले आणि म्हणाले, "आक्का, काढा दाढ. डोळे गेले तर मी जलमभर तुमची काठी धरीन. तुमाला हाताला धरून परसाकडला नेईन, ज्वारी निवडून दीन, लगीन बी करणार न्हाई."

आक्कांनी सुजलेल्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "कोणाची ग तू?"

"खालच्या आळीची. खडीवाल्या बाबूची सुबी."

"आन डोळे ऱ्हायले तर?"

"तर रोज एक कळशी. तुमच्या हिरीची. माज्या भावाला. सात वर्साचा व्हईस्तोर."

बाई हातात इंजेक्शन घेऊन आमच्या दोघींकडं बघत राहिल्या. आक्का म्हणाल्या, "लई व्यवहारी हायस." मग विचारलं, "एकच कळशी?" मी म्हणाले, "एकच." त्यांनी माझं मनगट धरलं आणि तोंड उघडलं. बाईंनी हिरडी बधिर केली, पक्कड घातली, आणि आक्कांनी माझं मनगट असं आवळलं की चार बांगड्या फुटल्या. दाढ आली ती काळी, तीन मुळं, आणि मागून पूही आला. कापसाचा बोळा चावायला देऊन बाई म्हणाल्या, थुंकू नका, उद्यापासून कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या, आणि मिसरी बंद. आक्कांनी सगळं ऐकलं आणि शेवटचं सोडून सगळं पाळलं.

त्या रात्री मी झोपले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू, मी गाढ झोपले. माय मात्र मला झोपेपर्यंत बोलत होती. "दुसऱ्याच्या डोळ्यावर पैज लावतीस? आन त्या बाईचे खरंच डोळे गेले तर आपल्याला गावात ऱ्हाऊ देतील का?" सकाळी उजाडताच वरल्या आळीचा गडी बोलवायला आला. मायनं पदर तोंडात धरला. मी गेले. आक्का ओसरीवर बसल्या होत्या, गाल उतरलेला, समोर सुईदोरा. त्यांनी मला बघितलं, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली आणि एका दमात ओवली. मग काढून पुन्हा ओवली, आणि तिसऱ्यांदाही. "सकाळधरनं हेच करतीया," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "जा, कळशी आण."

पाच वर्षं आणि काही महिने मी ती कळशी वाहिली. जायला पाऊण कोस आणि यायला पाऊण. दादासाहेबांनी पहिल्या आठवड्यातच गड्याला सांगून मला हाकलायला लावलं, तर आक्का स्वतः विहिरीच्या काठावर येऊन बसल्या. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "माज्या डोळ्याची किंमत एक कळशी बी न्हाई का?" त्यावर दादासाहेब आत निघून गेले, पण गडी मला कळशी घेताना रोज मोजल्यासारखं बघायचा. त्याच विहिरीवरचं इंजिन दिवसभर चालायचं आणि पाणी उसाच्या पाटानं खळाळत जायचं. उसाला कोणी विचारत नव्हतं की तू कुठल्या आळीचा. आमच्या आळीतल्या बायका मला टोमणे मारायच्या, "कावून ग, हापश्याचं पाणी आता गटारीचं झालं का?" मी पाण्याचं नाव खराब केलं असं त्यांना वाटायचं, आणि त्यांचंही काय चुकलं? त्यांना ते पाणी सोडून दुसरं पाणी कोण देणार होतं? ज्याला पर्याय नाही त्याला दोष सांगितला की तो सांगणाऱ्यावरच चिडतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी चिडलेच असते.

घरात एका कोपऱ्यात नामाची घागर, तोंडाला फडकं बांधलेली. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. त्याचं पाणी तिच्यातलं, त्याची खिचडी तिच्यातल्या पाण्यात. एकदा वैशाखात कळशी घेऊन आले, जीव कासावीस झालेला, हापश्यावर रांग, आणि मी घागरीतलं एक भांडं पाणी प्यायले. इतकं गोड पाणी मी तोवर प्यायले नव्हते. मग दिवसभर मला चोरी केल्यासारखं वाटत राहिलं, आणि नंतर राग आला, आणि तो राग अजून आहे. एवढ्या लांबून आपणच आणलेलं पाणी आपण प्यायलं तर चोरी वाटावी, अशी वेळ आपल्यावर कोणी आणली?

नामाचे दुधाचे दात पडले. त्या महिन्यांत मी रोज त्याला उजेडात नेऊन ओठ वर करून बघायचे, गुरुजींसारखीच. खाली एक टोक दिसलं, मग दुसरं, मग वरचे दोन. पांढरे होते. एका दाताच्या कोपऱ्यावर जोंधळ्याएवढा ठिपका, बाकी पांढरे. मायनं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मिसरीचं बोट पदराला पुसून माझ्या पाठीवरून हात फिरवला. ती मला कामचुकार म्हणाली होती ते तिनं तसं परत घेतलं असं मी समजते.

तोवर माझं लग्न ठरलं होतं, सिरसाळ्याच्या पुढं एका गावात. आठ दिवस राहिले होते. सकाळी कळशी घेऊन शाळेवरून येत होते, तर आतून गुरुजींचा आवाज आला. त्यांनी नामाला टेबलावर उभं केलं होतं. "बघा याचे दात. याला म्हणतात शिस्त. आणि याचीच बहीण इथं होती, हुशार मुलगी, पण पिवळ्या रांगेत. घर एकच, आई एकच. फरक कशानं पडतो? मनावर घेतल्यानं पडतो." डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्याला पाच वर्षं झाली होती. रांगा तशाच होत्या, पोरं नवी होती. माझ्या दातांचा पुरावा त्यांना दिसला नाही, आणि नामाच्या दातांचा दिसला तो असा दिसला.

मी डोक्यावरच्या कळशीसकट वर्गात शिरले. गुरुजी म्हणाले, "ये सुभद्रा. लग्न ठरलं म्हणे." मी नामाला विचारलं, "नामा, रोज दात घासतोस का रं?" नामा खरं बोलणारं पोर. म्हणाला, "न्हाई. ताई मारती तवाच घासतो." पोरं हसली. मी कळशी टेबलावर ठेवली, पाणी हिंदकळून गुरुजींच्या हजेरीपटावर सांडलं. मी म्हणाले, "गुरुजी, ह्ये दात घासून आलेले न्हाईत. माज्या डोक्यावरनं आलेत. रोज एक कळशी, पाच वर्सं. त्या डाक्टरीणबाईनी तुमच्यासमोर सांगितलंतं, तुमी ऐकलंतं. मंग ह्या पोरांना कावून उभं करता? तुमी सोता कुठलं पाणी पिता ते सांगा की त्यांना."

मी तोंडावर हात घेतला नव्हता. गुरुजी हजेरीपटावरचं पाणी धोतराच्या सोग्यानं टिपत राहिले. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "तुम्ही कुठलं पाणी पिता रे?" पिवळ्या रांगेतून एकेक उत्तर आलं. "हापश्याचं." "हापश्याचं." "हापश्याचं." शेवटच्या पोरापर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा. कुठंही बसा." माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. मला ती अजून हवी आहे, आणि गुरुजी जाऊन आता वीस वर्षं झाली.

मी कळशी घेऊन बाहेर पडले तर पिवळ्या रांगेतली एक मुलगी मागं पळत आली. गंगू, आमच्या शेजारच्यांची, दहा वर्षांची, ओठ घट्ट मिटून बोलणारी. तिनं विचारलं, "ताई, तुजं लगीन झाल्यावर ही कळशी कोण आणणार?"

मी म्हणाले, "कोणी न्हाई. नामाचे दात आले."

"आमची बारकी अजून रांगती," ती म्हणाली.

मी कळशी तिथंच शाळेच्या माठात ओतली. चुंबळ गंगूच्या डोक्यावर ठेवली, रिकामी कळशी तिच्या हातात दिली आणि तिला घेऊन परत वरल्या आळीला गेले. आक्का ओसरीवर गोधडी शिवत होत्या, बिनचष्म्यानं. त्यांनी गंगूकडं बघितलं, तिच्या दातांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"सुबे, एकच कळशी म्हणली व्हतीस."

"एकच हाय, आक्का," मी म्हणाले. "नुस्तं डोकं बदललंय."

आक्कांनी सुई गोधडीत खोचून ठेवली, आणि उठून गंगूला पोहरा कुठं असतो ते दाखवायला विहिरीकडं निघाल्या.